चित्र आणि ध्वनी यांचा मेळ
खान्देशातील जुन्या चित्रफितींचे रूपांतर करताना घ्यावयाची काळजी

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखाद्या गावी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी झालेले लग्न डोळ्यांसमोर आणावे. हळदीच्या मांडवात बायका दाटीवाटीने बसल्या आहेत. घरातील वडीलधारी आजी अहिराणी गाणे सुरू करते आणि बाकीच्या तिच्यामागून ते उचलून धरतात. शहरातून बोलावलेला छायाचित्रकार व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन हे सारे टिपून घेतो. पुढे ती कॅसेट कपाटात जाते, आजी काळाच्या पडद्याआड जाते आणि एके दिवशी नातू ती कॅसेट दुकानात नेऊन तिचे संगणकाच्या फाइलमध्ये रूपांतर करून आणतो. सारे घर दूरचित्रवाणी संचासमोर बसते. पहिली काही मिनिटे सर्व ठीक चालते. अर्धा तास लोटल्यावर मात्र आजीचे ओठ मिटलेले दिसतात आणि गाणे ऐकू येतच राहते. ढोलावर टिपरी पडते आणि आवाज मागाहून येतो.

असा अनुभव आज अनेक घरांतून येतो. चित्र आहे, ध्वनीही आहे. परंतु दोहोंचा मेळ नाही. पुष्कळदा असे समजले जाते, की कॅसेट जुनी झाल्यामुळे हे घडले व त्यावर इलाज नाही. ही समजूत बरोबर नाही. हा दोष बहुधा रूपांतराच्या वेळी निर्माण होतो आणि त्याचा प्रकार नीट ओळखला, तर तो बहुतेक वेळा दूर करता येतो. उलट, प्रकार न ओळखता केलेली दुरुस्ती दोष वाढवते.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही

२०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नावाखाली नोंदलेल्या भाषकांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार होती. अहिराणी ही या भाषासमूहातील प्रमुख बोली. या बोलीचे धन मुख्यतः मौखिक आहे. लग्नातील गाणी, श्रावणात कानबाईच्या उत्सवात म्हटली जाणारी गाणी, वहीगायन, जात्यावरच्या ओव्या हे सारे कागदापेक्षा कंठातच अधिक राहिले. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या लेवा गणबोलीतील रचना आप्तांनी लिहून ठेवल्या, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, त्यांचा संग्रह महाराष्ट्रापुढे येऊ शकला. लेखणीने शब्द वाचवले. परंतु गाणारीचा आवाज, शब्दावर येणारा जोर, हाताची हालचाल, ओठांची ठेवण या गोष्टी लेखणीला पकडता येत नाहीत.

हे काम १९८० नंतरच्या दोन दशकांत, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींनी केले. १९८२ साली आपल्याकडे दूरचित्रवाणी रंगीत झाली आणि त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटचे यंत्र घरोघरी दिसू लागले. लग्न, मुंज, यात्रा, गावचा तमाशा, शाळेचे स्नेहसंमेलन यांचे चित्रण होऊ लागले. धुळ्यापासून जवळच, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे तर साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रपट काढण्याची एक स्वतंत्र परंपराच उभी राहिली. नासिर शेख यांचा ‘मालेगाव के शोले’ हा २००० सालचा चित्रपट आणि या हौशी कलावंतांवर फैजा अहमद खान यांनी केलेला २००८ सालचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट यांमुळे ही परंपरा देशाबाहेरही माहीत झाली.

हे सर्व चित्रण चुंबकीय फितीवर आहे. फीत कालांतराने झिजते, तिला बुरशी लागते. पण त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे. घरगुती व्हिडिओ कॅसेट यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली त्यांचे उत्पादन थांबवले. २०१९ साली युनेस्को आणि ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी जगभर इशारा दिला, की चुंबकीय फितींवरील ठेवा २०२५ च्या सुमारापर्यंत संगणकीय स्वरूपात आणला नाही, तर त्यातील बराचसा भाग कायमचा हातचा जाण्याचा धोका आहे. ती मुदत आता सरली आहे. म्हणून जे रूपांतर आज होईल, ते पुष्कळ फितींच्या बाबतीत शेवटचे ठरण्याचा संभव आहे. ते मेळ बिघडलेल्या अवस्थेत झाले आणि कॅसेट टाकून दिली, तर पुढच्या पिढीला तोच बिघडलेला अवशेष मिळेल.

मेळाचा प्रश्न बोलपटाइतकाच जुना

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा मेळाचा प्रश्नच नव्हता. कारण चित्र मुके होते. मूकपटाच्या काळी यंत्राचा वेग थोडा कमीजास्त झाला, तरी प्रेक्षकांची तक्रार नसे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. आता वेग बदलून चालेना. वेग बदलला की आवाज बारीक किंवा जाड होई. यासाठी बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी असा पक्का ठरला.

चित्रपटाच्या फितीवर ध्वनीची पट्टी चित्राच्या कडेलाच छापलेली असते. पण एखाद्या चौकटीचा ध्वनी त्या चौकटीशेजारी नसतो. चित्र दाखवण्यासाठी फीत एकेका चौकटीवर क्षणभर थांबवावी लागते, तर ध्वनी वाचण्यासाठी ती अखंड सरकावी लागते. ही दोन कामे एकाच जागी होऊ शकत नाहीत. म्हणून ३५ मिलिमीटरच्या फितीवर ध्वनी सुमारे २० चौकटी पुढे आणि १६ मिलिमीटरच्या फितीवर २६ चौकटी पुढे छापला जाई. तंबूतल्या टुरिंग टॉकीजचा यंत्रचालक फीत चढवताना मध्ये ठेवावयाची ढील चुकला, की नायकाचे ओठ आधी हलत आणि संवाद मागून येई. प्रेक्षक आरडाओरड करीत, चालक ढील नीट करी आणि मेळ जमे. संगणकाच्या युगात फीत गेली. परंतु दोन वेगळ्या जागी ठेवलेल्या गोष्टी एकाच क्षणी एकत्र आणण्याचे काम कायम राहिले.

डोळा आणि कान यांची सहनशीलता

पांझरेच्या पैलतीरावर कोणी दगडावर धुणे आपटत असेल, तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज क्षणभराने येतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७० मीटर अंतरावरचा आवाज अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. निसर्गात आवाज चित्रामागून येतो, चित्राच्या आधी कधीच येत नाही. म्हणून माणसाचा मेंदू उशिरा आलेला आवाज काही प्रमाणात खपवून घेतो, आधी आलेला मात्र त्याला लगेच खटकतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला, तर किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, तर प्रेक्षकाच्या ध्यानात येऊ लागतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपल्याकडील व्हिडिओत सेकंदाला २५ चौकटी असतात. म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची झाली. यावरून व्यवहारात उपयोगी असा नियम निघतो: आवाज एका चौकटीहून अधिक पुढे आणि तीन चौकटींहून अधिक मागे नसावा.

फाइल म्हणजे एक डबा

संगणकातील चित्रपटाची फाइल ही एकजीव वस्तू नसते. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय ही नावे डब्यांची आहेत. डब्यात चित्राचा एक प्रवाह आणि ध्वनीचा दुसरा प्रवाह असे दोन माल शेजारी शेजारी भरलेले असतात. भुसावळसारख्या जंक्शनवर दोन दिशांनी येणाऱ्या गाड्यांची गाठ पडावयाची, तर दोन्ही गाड्यांनी एकच वेळापत्रक पाळले पाहिजे. फाइलमध्येही तसेच असते. चित्राच्या प्रत्येक चौकटीला आणि ध्वनीच्या प्रत्येक तुकड्याला तो केव्हा सादर करावयाचा याची वेळखूण दिलेली असते. एमपीफोर व एमकेव्ही या डब्यांत अशा वेळखुणा असतात. जुन्या एव्हीआय डब्यात मात्र त्या नसतात. तेथे सर्व चौकटी सारख्या अंतराने येतात असे गृहीत धरलेले असते.

रूपांतर करताना संगणक हा डबा उघडतो, दोन्ही माल बाहेर काढतो, त्यांची नव्याने बांधणी करतो आणि दुसऱ्या डब्यात भरतो. या खटाटोपात वेळखुणा हरवल्या किंवा चुकीच्या समजुतीने नव्याने घातल्या गेल्या, की मेळ बिघडतो. नुसता डबा बदलणे आणि आतील मालाची पुन्हा बांधणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. डबा बदलल्याने चित्राचा दर्जा उतरत नाही. प्रत्येक नव्या बांधणीने मात्र थोडाफार उतरतो. म्हणून जे काम डबा बदलून होते, त्यासाठी पुन्हा बांधणी करू नये.

आधी निदान, मग उपचार

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. येथेही प्रथम तीन जागी तपासणी करावी: फाइलच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. त्यासाठी जे दिसते आणि त्याच क्षणी वाजते असे दृश्य शोधावे. ढोलावर पडणारी टिपरी, फोडला जाणारा नारळ, टाळी, जमिनीवर पडलेले भांडे यांचा चांगला उपयोग होतो. चित्रपट काढणारे प्रत्येक दृश्याआधी पाटी आपटतात, ती याच कारणासाठी. व्हीएलसी या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत ‘ई’ ही कळ दाबून एकेक चौकट पुढे सरकता येते; तसेच संगणकावर ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी ध्वनी ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मागेपुढे करता येतो. यामुळे फाइलला हात न लावता फरक मोजता येतो. तिन्ही जागांचा फरक कागदावर लिहावा.

तत्पूर्वी एक खात्री करावी. तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी. बिनतारी कर्णयंत्रे आवाज उशिरा पोहोचवतात आणि काही दूरचित्रवाणी संच चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतात. दुसऱ्या यंत्रावर मेळ ठीक असेल, तर दोष फाइलचा नव्हे. तेव्हा फाइल दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये.

तपासणीनंतर दोष पुढील तीन प्रकारांपैकी एकात बसतो.

पहिला प्रकार : सर्वत्र सारखा फरक

सुरुवातीला अर्धा सेकंद, मध्यावर अर्धा सेकंद, शेवटीही अर्धा सेकंद. हा सर्वांत सोपा प्रकार होय. येथे दोन्ही गाड्यांचा वेग बरोबर आहे. एक गाडी फक्त उशिरा सुटली आहे. कॅसेट चालू होताना चित्र आणि ध्वनी टिपण्याचे काम एकाच क्षणी सुरू झाले नाही किंवा फाइल कापताना दोहोंची सुरुवात वेगळी झाली, तर असे होते.

उपचार म्हणजे ध्वनीचा प्रवाह तेवढ्याच अंतराने सरकवणे. एमकेव्हीटूलनिक्स या मोफत प्रणालीत ध्वनीच्या प्रवाहापुढे मिलिसेकंदांचा आकडा लिहिण्याची सोय आहे. आवाज ५०० मिलिसेकंद उशिरा येत असेल, तर उणे ५०० लिहावे. आधी येत असेल, तर अधिक ५०० लिहावे. यात केवळ वेळखुणा बदलतात व डबा नवा होतो. आतील मालाला धक्का लागत नाही.

दुसरा प्रकार : सारख्या गतीने वाढत जाणारा फरक

समजा, पाचव्या मिनिटाला आवाज ०.३ सेकंद मागे आहे आणि पन्नासाव्या मिनिटाला ३ सेकंद मागे आहे. येथे गाड्या एकाच वेळी सुटल्या; पण त्यांचा वेग वेगळा आहे. नेमकी येथेच सर्वांत अधिक चूक होते. अनेक जण मध्यावरचा फरक पाहून ध्वनी दीड सेकंदाने सरकवतात. मध्यावर मेळ जमतो. पण सुरुवातीला आवाज दीड सेकंद आधी येऊ लागतो आणि शेवटी दीड सेकंद मागेच राहतो. सरकवून हा दोष जात नाही. ध्वनीची लांबीच बदलावी लागते.

गणित त्रैराशिकाचे आहे. पन्नास मिनिटे म्हणजे ३,००० सेकंद. तेवढ्या काळात फरक ३ सेकंद; म्हणजे हजारास एक. ध्वनीची गती १.००१ पट केली, की मेळ जमतो. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत स्वराची उंची कायम ठेवून फक्त लय बदलण्याची सोय आहे. एफएफएमपेग या प्रणालीतील ‘एटेम्पो’ ही आज्ञाही हेच काम करते.

हजारास एक हा आकडा वारंवार भेटतो आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतील व्हिडिओचा वेग सेकंदाला नेमका ३० चौकटी नसून २९.९७ आहे आणि त्या पद्धतीत आणलेल्या चित्रपटाचा वेग २४ ऐवजी २३.९७६ होतो. रूपांतर करणाऱ्याने जवळचा पूर्णांक धरला, की तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. परदेशातील नातलगांकडून आलेल्या चित्रणात हा दोष विशेष आढळतो.

चित्र एका यंत्राने आणि ध्वनी दुसऱ्या यंत्राने टिपला, तरीही फरक वाढत जातो. प्रत्येक यंत्राच्या आत स्फटिकाचे घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० भाग इतकाच फरक असला, तरी तासाला ०.१८ सेकंद होतात. तासभराचे चित्रण कसेबसे चालून जाते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक साचतो.

क्वचित फरक फार मोठा असतो. ध्वनी संगणकात साठवताना सेकंदाला ठरावीक वेळा त्याची नोंद घेतली जाते. व्हिडिओत ही संख्या ४८,००० असते आणि संगीताच्या तबकडीत ४४,१०० असते. ४८,००० ने टिपलेला ध्वनी ४४,१०० चा समजून वाजवला, तर एका तासाचा ध्वनी ६५ मिनिटे १८ सेकंद चालतो आणि गाणारीचा आवाज जाड येतो. येथे लय बदलण्याची गरज नसून नोंदींची खरी संख्या फाइलला सांगावी लागते. आवाज जाड किंवा बारीक झाला आहे काय, हे ऐकल्याने कारण ओळखता येते.

याच संदर्भात चित्रपटांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट आपल्याकडील दूरचित्रवाणीवर २५ चौकटींच्या वेगाने दाखवला जाई. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे ४ मिनिटे ४८ सेकंद आधी संपे आणि गाण्यांची पट्टी अर्धस्वराच्या सुमारे सात दशांशाने चढे. चित्र व ध्वनी दोन्ही सारखेच धावत असल्याने मेळ मात्र बिघडत नसे. पुढे असा ध्वनी मूळ २४ चौकटींच्या चित्राला जोडला, की तो पुढे पळू लागतो. अशा वेळी ध्वनी नुसता लांबवू नये. लय आणि पट्टी ही दोन्ही मूळ ठिकाणी आणावीत.

तिसरा प्रकार : मध्येच उडी घेणारा फरक

विसाव्या मिनिटापर्यंत मेळ ठीक आहे. तेथे चित्र थरथरते आणि त्यानंतर आवाज एकदम अर्धा सेकंद मागे पडतो. पुढे पुन्हा एके ठिकाणी तसेच घडते. जुन्या लग्नाच्या कॅसेटींत हा प्रकार सर्वांत अधिक दिसतो. फीत चुरगळलेली किंवा घाण झालेली असेल, तेथे चित्राचा संकेत तुटतो, संगणकाला काही चौकटी टिपता येत नाहीत. ध्वनी मात्र टिपला जातच राहतो. २५ चौकटी गळाल्या, की चित्र एक सेकंदाने तोकडे होते.

यावर खरा उपाय एकच आहे. कॅसेट आणि यंत्र हाती असतील, तर पुन्हा टिपण करावे. त्याआधी यंत्राची मस्तके जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावीत, कॅसेट एकदा अखेरपर्यंत पुढे व मागे फिरवावी आणि शक्य असल्यास चित्राचा डळमळणारा संकेत स्थिर करणारे ‘टाइम बेस करेक्टर’ हे उपकरण मध्ये जोडावे. बुरशी लागलेली कॅसेट मात्र यंत्रात घालू नये. त्यामुळे यंत्रही खराब होते आणि पुढच्या कॅसेटीही.

पुन्हा टिपण शक्य नसेल, तर प्रत्येक उडीची जागा शोधून तेथे दुरुस्ती करावी लागते. अशा वेळी हात सहज ध्वनी कापण्याकडे जातो. तसे करू नये. अर्धा सेकंद ध्वनी कापला, तर गाण्यातील एखादा शब्द जातो आणि ताल मोडतो. त्याऐवजी गळालेल्या जागी शेवटची चौकट तेवढा वेळ स्थिर ठेवावी. चित्र क्षणभर थबकलेले दिसेल; पण गाणे अखंड राहील. मौखिक परंपरेच्या जतनात गाण्याचा मान मोठा आहे.

मोबाइलवरील चित्रण

हल्ली गावोगावी अहिराणी गाणी व लघुपट मोबाइलवरच चित्रित होतात. मोबाइलमध्ये चौकटींचा वेग स्थिर नसतो. प्रकाश कमी झाला किंवा यंत्र तापले, की सेकंदाला ३० ऐवजी कमी चौकटी टिपल्या जातात. मोबाइलवर पाहताना प्रत्येक चौकटीच्या वेळखुणेमुळे मेळ बरोबर दिसतो. तीच फाइल स्थिर वेग गृहीत धरणाऱ्या जुळणीच्या प्रणालीत घातली, की फरक पडू लागतो. आणि तो कोठे वाढतो, कोठे कमी होतो, असा अनियमित असतो. जुळणी सुरू करण्यापूर्वी हँडब्रेकसारख्या मोफत प्रणालीत ‘स्थिर चौकटदर’ हा पर्याय निवडून फाइल एकदा रूपांतरित करून घेतली, की ही अडचण राहत नाही. तेथे ‘बदलता दर’ निवडलेला राहिला, तर रूपांतर करूनही उपयोग होत नाही.

दुकानात कॅसेट देताना

प्रत्येकाला हे काम घरी करता येईल असे नाही. दुकानातून करून घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. कॅसेटवर लग्नाचे वर्ष, गाव आणि घरचे नाव लिहूनच ती द्यावी आणि काम झाल्यावर ती आठवणीने परत घ्यावी.

२. मोबाइलवर पाठवण्याजोगी छोटी फाइल तर घ्यावीच. परंतु कॅसेटवरून प्रथम टिपलेली मोठी फाइलही मागून घ्यावी. पुढे दुरुस्ती करावयाची झाल्यास ती मोठ्या फाइलवरच चांगली होते.

३. पैसे चुकते करण्यापूर्वी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी मेळ तपासावा. केवळ पहिली दोन मिनिटे पाहून समाधान मानू नये. वाढत जाणारा दोष तेथे दिसतच नाही.

४. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी. मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी.

५. गाणारी कोण, गाणे कोणत्या प्रसंगाचे, बोली कोणती, ही माहिती घरातील जाणत्या माणसाकडून आजच लिहून घ्यावी आणि फाइलसोबत ठेवावी.

हे काम आताच का

चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने १९२७ साली उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने जुने कागद जपण्याचा आदर्श घालून दिला. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, तेव्हा पुष्कळ घरांना आपल्या माळ्यावर इतिहास पडून आहे याची जाणीवही नव्हती. कपाटातील कॅसेटींची स्थिती आज जवळजवळ तशीच आहे. घरच्या लग्नाची फीत मोठ्या संग्रहालयात कोणी नेऊन ठेवणार नाही. ती त्या घरानेच जपावयाची असते.

त्यासाठी मोठा खर्च किंवा विशेष शिक्षण लागत नाही. तीन जागी फरक मोजावा. तो सारखा असेल तर सरकवावे, वाढता असेल तर लांबी बदलावी, उडी घेणारा असेल तर पुन्हा टिपावे किंवा त्या त्या जागी चित्र भरून काढावे. एवढे केले, तर ढोलावर टिपरी पडेल त्याच क्षणी तिचा आवाज येईल आणि आजीचे गाणे पुन्हा तिच्याच ओठांवर दिसेल. तिच्या पणतीला अहिराणीचा उच्चार शिकावयाचा झाला, तर शब्द ऐकत असतानाच तो ओठांवर कसा उमटतो, हेही तिला त्या फितीत पाहावयास मिळेल.